भिंतीतलं हातभर लोखंड

समजा, तुम्ही शेवयांच्या मशीनसमोर पाटावर बसलाय. वरच्या तोंडात पिठाचा गोळा दाबला जातोय आणि खाली पितळी जाळीतून ओल्या शेवया उतरतायत. एक हात त्यांच्याखाली, दुसऱ्या हातात काठी. शेवया हातभर लांब झाल्या की काठीवर झेलायच्या, बोटांनी तोडायच्या, काठी मागे उभ्या असलेल्या बाईकडे द्यायची. तोवर पुढच्या उतरलेल्या असतात. हात ओले, पाय अनवाणी, खाली शहाबादी फरशी आणि तिच्यावर सांडलेलं पाणी. आता बटन बंद करा. जाळीत अडकलेलं पीठ काढायला हात लावा. कोपरापर्यंत झिणझिण्या जातात. तुम्ही बटनाकडे बघता. बंद आहे. पुन्हा बघता. बंदच आहे.

काय कराल? बहुतेक लोक त्या मशीनला परत हात लावणार नाहीत. लालबीचाचीने लावला. बोटाच्या मागच्या बाजूने, हळूच, गरम तव्याला लावावा तसा. आणि स्वतःशीच म्हणाली, "बटन बंद हाय, तर तू कायकू चावून राह्यली?"

लालबीचाची आमची शेजारीण. जुन्या जालन्यात आमची दोन घरं एकाच भिंतीला पाठ लावून उभी आहेत. तिच्याकडे मशीन सुरू झाली की आमच्या मांडणीतली ताटं थरथरतात. मशीन मुबारकचाचांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने आणलेली. ते लोखंडाच्या कारखान्यात वायरमन होते. ते गेल्यावर नातेवाइकांनी सांगितलं, मशीन विकून टाक, हे बाईमाणसाचं काम नाही. तिने विकली नाही. पाना हातात घेऊन पट्टा कसा ताणायचा, बेअरिंगला ग्रीस कधी भरायचं, हे ती विचारून विचारून शिकली. तिचा मुलगा आमेर तेव्हा शाळेत होता. आता तो नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात आहे, त्याचं लग्न झालंय, साजिया नावाची सून घरात आली आहे. तरी मशीन चालू राहिली. रमजानमध्ये शीरखुर्म्याच्या बारीक शेवया, होळीनंतर वाळवणाच्या जाड. दोन्ही एकाच महिन्यात आलं की तिच्या ओट्यावर डब्यांची रांग लागते. कोणाचा डबा कुठला, हे ती झाकणावरून ओळखते.

तिचा एक शब्द आख्ख्या गल्लीला माहीत आहे: "कायकू?" एकदा ऐन गर्दीत तिने मशीन थांबवली, कारण शेवया मधेच तुटत होत्या. बायका म्हणाल्या, पीठ जुनं असेल. चाची उठली, दार लावून आली, मशीन चालवली. शेवया सलग उतरल्या. दार उघडलं, तुटल्या. "हवा लागून राह्यली," ती म्हणाली, "पण हवा तर कालबी होती. आजच कायकू?" मग बाहेर जाऊन वारा कोणत्या बाजूचा आहे ते बघून आली. तोवर ओट्यावरच्या बायका ताटकळल्या होत्या.

"लालबी, शेवया करून राह्यलीस का पीएचडी?" माझी आई म्हणाली. आईचं नाव उषाबाई. तिचं आणि चाचीचं बोलणं बहुतेक असंच चालतं.

"दोन्ही," चाची म्हणाली. "तुमच्या पोरीला एकलीलाच शिकायचं असतं का?"

पोरगी म्हणजे मी, जान्हवी. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय, एमआयडीसीत पॅनेल बनवायच्या कारखान्यात काम करते.

तर यंदाच्या रमजानमध्ये मशीन चावायला लागली. आधी चाचीला वाटलं, मोटर ओली झाली असेल. आमेरने मोटर उतरवून मेकॅनिककडे नेली. त्याने ती उघडली, तपासली, दोन दिवस चालवून बघितली आणि परत दिली. "माझ्या दुकानात तर बिलकुल चावत न्हाई," तो म्हणाला. घरी आणून लावली, सकाळी चालवली, काही नाही. दुपारी साजिया जाळी धुवायला गेली आणि किंचाळून मागे पडली.

साजियाला सातवा महिना होता.

तिला काही झालं नाही. हाताला झटका बसला, मागे पडताना कंबर भिंतीला घासली, एवढंच. पण आमेर ऑफिसातून तसाच घरी आला, आणि त्या संध्याकाळी इफ्तार झाल्यावर त्याने जे सांगितलं ते भिंतीपलीकडे आम्हालाही ऐकू आलं.

"अम्मी, बस झालं. अब्बांची निशाणी हाय म्हणून कुणाचा जीव घ्यायचा का? वाटूरचा वसंता गिरणीवाला मागं लागलाय. येत्या इतवारी तो येऊन बघतो आणि घेऊन जातो."

"चावणारी मशीन त्याला देणार? त्याच्या घरात माणसं न्हाईत का?"

"तो मोटर बदलून घेईल."

"मोटर चांगली हाय. मेकॅनिकच बोलला ना?"

"मंग काय चावून राह्यलं, अम्मी? तुम्हीच सांगा!"

तिच्यासाठी प्रश्न आता साधा उरला नव्हता. इतवारपर्यंत कारण सापडलं नाही तर मशीन जाणार होती. आणि मशीन गेली की ती फक्त आमेरची आई उरणार होती. ओट्यावर बसलेली, तस्बीचे मणी ओढणारी. हे तिनेच दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी उभं राहून आईला सांगितलं. "नमाजला मला मनाई कुठंय, उषाबाई? पण दिवसभर नमाज तर कुणीच पढत न्हाई."

त्याच दिवशी माझी सुट्टी होती. मी टेस्टर आणि मीटर घेऊन गेले.

"सकाळी ये म्हटलं तर आलीस दुपारी," चाची म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "बरं झालं दुपारी आलीस. ही दुपारीच चावते. सकाळी गरीब गाय."

मला तिचं हे वाक्य आधी विनोद वाटलं. पण तिने नीट बघून ठेवलं होतं. सकाळी कधीच नाही. दुपारच्या, जोहरच्या नमाजनंतर कधीही. बटन चालू असो की बंद, फरक नाही. पिन सॉकेटमधून उपसली की मात्र चावणं बंद.

मी मशीनच्या लोखंडी अंगाला टेस्टर लावला. बटन बंद. टेस्टरमधला दिवा लागला. चाची वाकून बघत होती. पिन काढली, दिवा गेला. पिन घातली, लागला. मीटरने बघितलं तर ओल्या फरशीपासून मशीनपर्यंत चांगला दणका बसेल एवढा दाब होता.

"बटन बंद असलं की करंट कुठून येतो?" ती म्हणाली.

"बटनाने बारीक पिनेतून येणारा करंट अडतो चाची. ही वरची जाड पिन बघा, तिला बटन नसतं. ही अर्थिंगची. मशीनच्या अंगात चुकून करंट उतरला तर इथून जमिनीत जायला हवा."

"जायला हवा. पण हा तर येऊन राह्यला."

अर्थिंगच्या वायरमधून करंट बाहेर जातो हे मी शिकले होते. आत येताना बघितला नव्हता. मी टेस्टर तसाच मशीनला लावून बसले. दिवा मंद जळत होता. आणि तेवढ्यात, आम्ही दोघींनी काहीही न करता, तो विझला.

मी टेस्टर झटकला. पुन्हा लावला. काहीच नाही.

चाचीने मान वर केली आणि ओढणी कानामागे सारली. "गप," ती म्हणाली. मी गप्पच होते. "तुमचा कूलर बंद झाला."

खरंच झाला होता. आमच्या घरातली घरघर, जी दुपारभर भिंतीतून येत असते आणि म्हणून कुणालाच ऐकू येत नाही, ती थांबली होती. चाची भिंतीजवळ गेली आणि ओरडली, "उषाबाई! कूलर कायकू बंद केला?"

"पाणी भरून राह्यले ना!" पलीकडून आई.

"लावा बरं!"

"आगं भरू तर दे!"

"आधी लावा!"

घरघर सुरू झाली. टेस्टरचा दिवा लागला.

"बंद करा!"

दिवा गेला.

"लावा!"

"लालबी, उपासाने डोकं फिरलं का तुझं?" आई ओरडली, पण तिने लावला. दिवा लागला. चाची माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मशीन वाचल्याचा आनंद नव्हताच अजून. नुसतं कुतूहल होतं. तुमचा कूलर, माझी मशीन, मधे दीड वीट जाडीची भिंत. कायकू?

मी घरी पळाले. आई कूलरपाशी बादली घेऊन उभी होती, पायात रबरी चपला. आमच्याकडे कूलरशेजारी या चपला कायम असतात. कूलरला हात लावायचा तर चप्पल घालून, हे मी चालायला लागल्यापासून ऐकलंय. जालन्यात कुठल्याही घरात जा, पत्र्याच्या कूलरपाशी चप्पल किंवा लाकडी पाट दिसेलच. कूलर थोडासा चावतोच, असं सगळे धरून चालतात. मी पॅनेल बनवते, लोकांच्या कारखान्यात अर्थिंग तपासते, आणि घरात त्या चपला पायात सरकवून कूलरचं बटन दाबते.

कूलरची पिन काढली. मागची जाळी उघडली. टाकीतल्या पाण्यात पंप असतो, त्याच्या वायरचं कातडं एका ठिकाणी तडकलं होतं. करंट पाण्यात उतरत होता, पाण्यातून पत्र्यात. पत्र्यातून अर्थिंगच्या हिरव्या वायरमध्ये. मी त्या वायरमागे गेले. ती खिडकीतून बाहेर पडून मागच्या बाथरूमकडे गेली होती आणि तिथे भिंतीतून डोकावणाऱ्या लोखंडी पाइपाच्या तुकड्याला पट्टीने आवळली होती.

भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, चाचीच्या बाथरूममध्ये, त्याच पाइपाच्या दुसऱ्या टोकाला तिच्या मशीनची वायर आवळलेली होती. बांधायची पद्धत तीच. गाठीवर तोच हिरवा रंग.

"हे यांनीच केलंय," चाची म्हणाली. "तुझ्या बाबांनी आणि यांनी मिळून. मला आठवतं. तेव्हा दोन घरांत एकच नळ घेतला होता. नळ आमच्याकडून, टी टाकून भिंतीतून तुमच्याकडे. मंग हे बोलले, पाणी एक तर अर्थिंगबी एकच करून टाकू."

त्या काळी हे चुकीचं नव्हतं. नळाचे पाइप लोखंडी होते. घरातून रस्त्यापर्यंत आणि रस्त्याखालून पार टाकीपर्यंत जमिनीत पुरलेलं लोखंडच लोखंड. त्याहून चांगलं अर्थिंग खड्डा खणूनही मिळालं नसतं. कूलरमधून करंट तेव्हाही गळत असेल, पण तो पाइपात शिरून जमिनीत निघून जात होता.

मग बदललं काय? चाचीने अतिकला फोन लावला.

अतिक तिच्या भावाचा मुलगा. प्लंबर आहे. दिवाळीच्या सुमारास आमच्या दोन्ही घरांच्या नळाला पाणी यायचं बंद झालं होतं. पाइप आतून क्षारांनी बुजले होते. अतिकने रस्त्यापासूनची सगळी लाइन नवी टाकून दिली होती. मजुरी घेतली नव्हती. फुप्पीकडून कसली मजुरी, म्हणाला होता.

तो आला तेव्हा चाचीच्या बाथरूममध्ये ती, आई आणि मी त्या तुकड्याकडे बघत उभ्या होतो.

"काय झालं? गळालं का?" त्याचा पहिला प्रश्न.

"गळत न्हाई," चाची म्हणाली. "तू कोणता पाइप टाकला?"

"एक नंबर प्लास्टिक. फुप्पी, तुमच्या नातवाच्या नातवाला बघावं लागणार न्हाई. ना गंज, ना क्षार."

"आणि हा?" तिने भिंतीतल्या तुकड्यावर बोट रोखलं.

"तो काढायचा तर भिंत फोडावी लागली असती. तुम्हीच बोलल्या होत्या, रंग नवा हाय, भिंत नको फोडू. मंग मी दोन्हीकडून प्लास्टिक जोडलं आणि तो मधेच राहू दिला."

म्हणजे भिंतीत हातभर लोखंड, आणि त्याच्या चारही बाजूंना प्लास्टिक आणि कोरडी वीट. जमिनीचा आणि त्याचा काही संबंध उरला नव्हता. पण आमच्या कूलरचा आणि चाचीच्या मशीनचा मात्र त्यातून अजून संबंध होता. कूलरमधला करंट जमीन शोधत निघायचा आणि मशीनच्या अंगात येऊन बसायचा. जमीन त्याला मिळायची ती साजियाच्या अनवाणी पायांतून.

हे मी सांगितलं तेव्हा अतिक बाथरूमच्या उंबऱ्यावर बसला. "फुप्पी, खुदा कसम, मला वायरचं माहीत नव्हतं. मी पट्टी बघितली होती. वाटलं, कपडे वाळायची तार असंल."

"तुला माहीत नव्हतं, वायर बांधणाऱ्याला प्लास्टिक येणार हे माहीत नव्हतं," चाची म्हणाली. "ऊठ. आता काय करायचं ते ही पोरगी सांगते."

आई तेवढ्यात म्हणाली, "आणि मला कसं कळलं न्हाई? मी तर रोज हात लावते कूलरला."

मी तिच्या पायांकडे बघितलं. तिनेही बघितलं. कूलर कधीपासून जोरात चावायला लागला, हे त्या चपलांनी आम्हाला कळूच दिलं नव्हतं.

पुढचे काही दिवस अतिक कामावरून सुटला की कुदळ घेऊन यायचा. दोन्ही घरांच्या मागे सामाईक बोळ आहे, तिथे खड्डा खणला. वर भरावाचा मुरूम, खाली काळी माती लागली तेव्हा आम्ही थांबलो. जस्त चढवलेला नवा पाइप उभा पुरला, भोवती कोळसा आणि मीठ थराथराने भरलं. अतिकने दोन्ही घरांतून जाड पट्टी आणून पाइपाला नट-बोल्टने आवळली आणि प्रत्येक नट मला दाखवून घेतला. भिंतीतल्या तुकड्यावरच्या दोन्ही वायरी सोडवल्या. कूलरचा पंप बदलला. शिवाय दोन्ही घरांत मी एकेक ईएलसीबी बसवला. करंट कुठे गळायला लागला तर तो स्वतःहून लाइन पाडतो.

"खड्डा असताना हा कशाला?" चाचीने विचारलंच.

"खड्डा कधी सुकला, कुणी वायर तोडली, तर?"

"हां," ती म्हणाली. "म्हणजे तुलाबी प्लास्टिकची भीती बसली."

इतवारी वाटूरहून वसंता टेम्पो घेऊनच आला. आमेरने त्याला येऊ नको म्हणून कळवलं नव्हतं. आम्ही काय काय केलं ते आमेरने ऐकून घेतलं होतं, पण ऐकून त्याची खात्री पटली नव्हती, आणि मला त्यात काही चूक वाटत नव्हती. झटका त्याच्या बायकोला बसला होता.

दुपारची वेळ होती. आमेरने भिंतीपलीकडे हाक मारली, "मावशी, कूलर चालू हाय का?"

"हाय! फुल्ल!"

त्याने मशीनची पिन घातली. बटन चालू केलं. मग चप्पल काढली, फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि त्यात उभा राहिला. मी आधी मीटर लावून बघितलं होतं, काही नव्हतं, तरी मी पिनेजवळ जाऊन उभी राहिले. साजिया दारात उभी होती. ती म्हणाली, "उलटा हात लावा."

त्याने बोटाच्या मागच्या बाजूने मशीनला स्पर्श केला. मग तळवा ठेवला. ठेवूनच दिला. मशीन घरघरत होती, त्याचा हात तिच्याबरोबर थरथरत होता.

"काय म्हणते?" वसंताने विचारलं.

"काही न्हाई म्हणत," आमेर म्हणाला. मग आईकडे न बघता म्हणाला, "वसंताभाऊ, माफ करा. मशीन द्यायची न्हाई."

"मंग मला फुकट पळवलं का एवढं?"

"फुकट कशाला," चाची म्हणाली. ती कधीच पाटावर जाऊन बसली होती. "पीठ आणलंय का? न्हाई? थांबा, माझ्या पिठाच्या घेऊन जा. बारीक पाहिजेत का जाड?"

वसंता दोन डबे शेवया घेऊन गेला. साजियाने काठ्या झेलल्या, पण चपला घालून.

मी चाचीला एक काम लावून दिलं होतं: उन्हाळाभर खड्ड्यात पाणी टाकायचं, माती ओली राहिली पाहिजे. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नसतो, त्यामुळे पाणी मातीत ओतायचं म्हणजे आईच्या जिवावर येतं. चाचीने त्याच्यावर उपाय काढला. जाळी धुतलेलं पिठाळ पाणी ती रोज संध्याकाळी खड्ड्यात ओतते. तिथे आता चिमण्या जमतात.

ईद झाली त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. मी कामावरून आले तर ती बोळात तांब्या घेऊन उभी होती.

"एक सांग," ती म्हणाली. "करंट जमिनीत जातो ते समजलं. मंग पुढं? जमिनीत जाऊन काय, झोपतो का?"

"झोपत नाही. परत जातो. जिथून आला तिथे, कोपऱ्यावरच्या डीपीकडे. तिथेही असाच खड्डा असतो. आपल्या खड्ड्यातून निघतो, जमिनीतून जातो, त्या खड्ड्यातून वर चढतो. फेरा पूर्ण झाला तरच तो वाहतो."

तिने तांब्या कमरेवर घेतला आणि बोळाच्या तोंडातून दिसणाऱ्या डीपीकडे बघितलं. खांबांवर ट्रान्सफॉर्मर, खाली वाळलेलं गाजरगवत, कुणीतरी टाकलेला तुटका पाट. खड्डा कुठे असेल ते इथून दिसत नव्हतं. नंतर जवळ जाऊन शोधला, तरी मला सापडला नाही.

"म्हणजे आपला खड्डा ओला असून भागत न्हाई. तोबी ओला पाहिजे."

"हो."

"सगळ्या गल्लीचा तो एकच?"

"हो."

मी वीज कंपनीतल्या ओळखीच्या दोन-तीन लोकांना विचारलं. एक हसला, एकाने दुसऱ्याचं नाव सांगितलं. तेव्हापासून मी घरी परतताना दिसले की चाची ओट्यावरून हाक मारते, कधी हातात पीठ असतं, कधी पाना. विचारते तेच, आणि उत्तर माझ्याकडे अजून नाही:

"जानू, मिळालं का कुणी? त्या डीपीच्या खड्ड्यात पाणी कोण टाकतं?"